मेडिकलवर शुगर तपासली, पुढे काय?



वस्तीच्या तोंडाशी असलेल्या मेडिकल दुकानांवर हल्ली एक फलक हमखास दिसतो: 'येथे बीपी व शुगर तपासून मिळेल.' एरवी थोडेफार पैसे घेतात, औषध कंपनीचे शिबिर असेल त्या दिवशी फुकट. बोटाला सुई टोचली, मशीनवर आकडा आला, चिठोऱ्यावर लिहून दिला, माणूस घरी. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांचा धोका वेळीच ओळखायचा असेल तर हीच दुकाने अधिकृतपणे वापरा, असे आता आरोग्य क्षेत्रातले अनेक जण सुचवतात. दुकान घराजवळ आहे, रात्री उशिरापर्यंत उघडे आहे, तिथे शिकलेला फार्मासिस्ट आहे, असा त्यांचा युक्तिवाद आहे.

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगते. मेडिकलवर तपासणी व्हायला माझा विरोध नाही. पण ज्या तपासणीच्या मागे सरकारी उपचाराची हमी नाही, ती तपासणी आपल्या माणसाला फक्त गिऱ्हाईक बनवते. आणि आरक्षण, अत्याचार, शिष्यवृत्ती यांवर बोलणारी आपली चळवळ या प्रश्नावर जवळपास गप्प आहे. ही शांतता आपल्याला महागात पडते आहे.

हा श्रीमंतांचा आजार आहे का?

शुगर म्हणजे बंगल्यात राहणाऱ्यांचा आजार, हा समज आपल्या जुन्या पिढीत अजून आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. एवढे बंगले या देशात नाहीत.

ही आकडेवारी जातीच्या चौकटीत ठेवून पाहा. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नऊ राज्यांच्या अभ्यासात दलितांचे सरासरी आयुर्मान सवर्ण हिंदूंपेक्षा तीन वर्षांहून अधिक, तर आदिवासींचे चार वर्षांहून अधिक कमी आढळले. कुटुंबाच्या आर्थिक स्थितीतला फरक हिशेबात धरला तरी ही दरी मिटली नाही. त्या नऊ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, म्हणून आपण सुटलो असे कोणी समजू नये. जात माणसाच्या वाट्याला कोणते काम येईल हे ठरवते, आणि ते काम शरीराची झीज ठरवते. पहाटे उठून रस्ता झाडणारी बाई, गटारात उतरणारा कंत्राटी कामगार, वीटभट्टीवरचे जोडपे यांच्या शरीरावर हा हिशेब दर महिन्याला मांडला जातो.

एकच उदाहरण घ्या. शुगर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात. सफाई कामगाराच्या पायाला काच लागते, त्याला ती जाणवत नाही. जखम चिघळते, बोट जाते, मग पाऊल जाते, आणि पाऊल गेले की काम जाते. ठेकेदाराने साधे बूट दिले नव्हते, हा मुद्दा कोणत्याच केसपेपरवर लिहिला जात नाही. तिथे फक्त 'मधुमेह' असे लिहिलेले असते.

माणसे मेडिकलवरच का जातात?

'आपले लोक अडाणी आहेत, डॉक्टरकडे जात नाहीत' हे वाक्य मी शिकलेल्या लोकांकडून, आपल्यातल्याही, अनेकदा ऐकले आहे. समाजशास्त्राच्या विद्यार्थिनीला हे वाक्य पटत नाही, आणि वस्तीत काम करणारीला तर त्याचा रागच येतो. माणूस मेडिकलवर जातो तो पूर्ण हिशेब करून जातो.

सरकारी दवाखान्याची ओपीडी सकाळची. तिथे जायचे म्हणजे कामावर खाडा. रोजंदारीवाल्याचा खाडा म्हणजे त्या दिवसाची चूल. तिथे केसपेपरची रांग, डॉक्टरची रांग, गोळ्यांची रांग. शेवटी खिडकीवरून 'ही गोळी संपली, बाहेरून घ्या' असे उत्तर मिळाले की माणूस त्याच मेडिकलवर येऊन उभा राहतो, जिथे तो पहिल्यांदाच जाऊ शकला असता. शिवाय मेडिकलवाला नावाने हाक मारतो, उधारी ठेवतो, खेकसत नाही. ज्यांच्यावर पिढ्यान्‌पिढ्या सगळेच खेकसत आले, त्यांच्यासाठी ही लहान गोष्ट नाही.

म्हणून जे म्हणतात की मेडिकलवाल्याने सुईला हातच लावू नये, त्यांनी आधी संध्याकाळी सातनंतर उघडा असलेला सरकारी दवाखाना दाखवावा. केंद्र सरकारने २०२३ मध्ये आरोग्य केंद्रांचे नाव बदलून 'आयुष्मान आरोग्य मंदिर' केले. मंदिराचे दार आपल्यासाठी उघडेल का, हा प्रश्न आपल्या समाजाने १९३० साली काळारामाच्या दारात विचारून झाला आहे. आता प्रश्न वेगळा आहे: कामगार सुटतो त्या वेळी या 'मंदिराचे' दार उघडे असते का, आणि आत गोळी असते का?

काउंटरवर प्रत्यक्षात काय घडते?

रक्तदाब मोजण्याची एक रीत आहे. माणसाने पाच मिनिटे शांत बसायचे, पाठ टेकलेली, हात हृदयाच्या पातळीवर. त्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, मिश्री नाही. आकडा १४०/९० किंवा त्याहून वर आला तरी एका दिवसाच्या मोजणीवर शिक्का मारायचा नसतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायचे. शुगरचेही तसेच. बोटावरच्या थेंबाने फक्त इशारा मिळतो. निदानासाठी प्रयोगशाळेत उपाशीपोटी रक्त तपासावे लागते, आणि तिथे १२६ किंवा त्याहून वर म्हणजे मधुमेह; किंवा तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी चाचणी करावी लागते, आणि तिथे ६.५ किंवा त्याहून वर.

आता आपल्या मेडिकलचा काउंटर आठवा. बसायला स्टूल नाही. मागे चार गिऱ्हाईके उभी. माणूस सायकल मारत आलेला, तोंडात तंबाखूचा बार. कायद्याने, म्हणजे १९४८च्या फार्मसी कायद्याने, डॉक्टरच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचे आहे. पण कितीतरी दुकानांत सर्टिफिकेट भिंतीवर एकाचे आणि काउंटरवर पोरगा दुसराच. तो पोरगा आकडा सांगतो, आणि पुढचे वाक्य ठरलेले असते: "वाढली आहे, एक गोळी चालू करा."

इथे धोका सुरू होतो. रक्तदाबाच्या बहुतेक गोळ्या डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. शुगरच्या गोळ्या डॉक्टरच्या देखरेखीशिवाय घ्यायच्या नसतात, कारण ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन माणूस उपाशीपोटी बिगारी कामाला गेला तर शुगर एकदम खाली जाऊन तो जागेवर कोसळू शकतो. लोक याला 'गरमी लागली' म्हणतात. आणि महिनाभर गोळी खाऊन पैसे संपले, बरेही वाटू लागले, की गोळी बंद. विचारणारे कोणी नाही, कारण नाव कुठेच लिहिलेले नाही.

जागतिक आरोग्य संघटनेचा उच्च रक्तदाबावरचा अहवाल २०२३ मध्ये आला. त्यातील भारताचे चित्र असे: ३० ते ७९ वयाच्या, रक्तदाब असलेल्या दर १०० जणांपैकी ३७ जणांचेच निदान झालेले आहे, ३० जण उपचार घेत आहेत आणि केवळ १५ जणांचा रक्तदाब नियंत्रणात आहे. ही उतरंड नीट वाचा. सगळ्यांचे लक्ष ३७ या आकड्यावर आहे. तो वाढवण्यासाठी मशीन आणा, शिबिर घ्या, मेडिकलवर फलक लावा. पण माणूस लकव्यापासून वाचतो तो १५ या आकड्यात आल्यावर. ३७चे ७० केले आणि १५ तिथेच राहिले, तर आपण फक्त घाबरलेल्या माणसांची संख्या वाढवली.

पैसे कोण देतो, त्यावर सगळे ठरते

इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२१ पासून औषधाच्या दुकानांत ४० वर्षांवरील लोकांचा रक्तदाब मोफत तपासण्याची सरकारी सेवा सुरू आहे. आपल्याकडे या धोरणाचे समर्थक तिकडे बोट दाखवतात. दाखवू द्या, पण पूर्ण चित्र दाखवावे. तिथे प्रत्येक तपासणीचे पैसे दुकानाला सरकारी आरोग्य सेवा देते. आकडा जास्त आला तर २४ तास रक्तदाब मोजणारे यंत्र लावून खात्री करण्याची सोय आहे. आणि निकाल त्या माणसाच्या ठरलेल्या डॉक्टरकडे जातो, ज्याच्याकडे दाखवायला पैसे लागत नाहीत. म्हणजे तिथला दुकानदार तपासणी करून कमावतो. आपल्याकडचा दुकानदार तपासणी फुकट करतो आणि गोळी विकून कमावतो. पहिल्याचे हित नीट तपासण्यात आहे, दुसऱ्याचे हित आकडा जास्त निघण्यात आहे. दुकानदार स्वभावाने चांगला की वाईट हा इथे प्रश्नच नाही. व्यवस्थेने त्याला ज्या जागी उभे केले आहे, तिथून तो तसाच वागणार.

आपल्या देशात एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के रक्कम २०२१-२२ मध्ये लोकांनी थेट खिशातून भरली. त्याच वर्षी सरकारांचा आरोग्यावरचा खर्च देशाच्या सकल उत्पन्नाच्या १.८४ टक्के होता. २०१७च्या आरोग्य धोरणाने तो २०२५ पर्यंत २.५ टक्के करण्याचे वचन दिले होते. अशा देशात मेडिकलवरची तपासणी सुट्टी सोडून दिली तर तिचा प्रवास खिशाकडेच होणार.

टीबीला कायदा, शुगरला बाजार

'दुकानदारांवर सरकार काय नियंत्रण ठेवणार?' असे कोणी म्हणाले तर त्याला टीबीचे उदाहरण द्या. टीबीची औषधे विकणाऱ्या दुकानाला वेगळी नोंदवही ठेवावी लागते. मार्च २०१८ च्या अधिसूचनेनुसार मेडिकलवाल्याने टीबी रुग्णाची माहिती सरकारला कळवणे बंधनकारक झाले; कळवले नाही तर दंड संहितेखाली कारवाईची तरतूद झाली. एप्रिल २०१८ पासून रुग्णाला पोषणासाठी दरमहा ५०० रुपये सुरू झाले, पुढे ते १००० झाले. त्या योजनेत अडचणी भरपूर आहेत, पैसे वेळेवर येत नाहीत अशी ओरड आपण ऐकतो. पण राज्यसंस्थेने मनात आणले तर गल्लीतल्या मेडिकलला सार्वजनिक आरोग्याशी जोडता येते, एवढे त्यातून सिद्ध झाले.

मग शुगर-बीपीसाठी हे का होत नाही? माझे उत्तर कडवट आहे. टीबी खोकल्यातून पसरतो; झोपडपट्टीतला टीबी सोसायटीच्या लिफ्टपर्यंत पोहोचतो. शुगर पसरत नाही. आपला माणूस शुगरने मेला तर शेजारच्या सोसायटीला काही होत नाही. शिवाय टीबीची गोळी काही महिन्यांनी थांबते, शुगरची गोळी बहुधा जन्मभर चालते. जन्मभराचे गिऱ्हाईक बाजार सरकारच्या हवाली कशाला करेल?

चालायला जा, असे कोणाला सांगता?

तपासणीनंतर सल्ला मिळतो: रोज अर्धा तास चाला, भात कमी करा, कडधान्ये-भाज्या वाढवा, ताण घेऊ नका. सल्ला शास्त्राप्रमाणे चुकीचा नाही. पण तो कोणाला दिला जातो? जी बाई आठ तास रस्ता झाडून आली, तिला चालायला सांगतात. ज्या घराला रेशनवर माणशी ५ किलो तांदूळ-गहू मिळतो आणि डाळ-तेल नियमित मिळत नाही, त्या घराला भात कमी करायला सांगतात. 'जीवनशैलीचे आजार' हा शब्दच तपासून घ्यायला हवा. शैली निवडता येते. आपल्या वस्तीने जे जगणे निवडलेलेच नाही, त्याला शैली म्हणणे म्हणजे रोगाचा दोष रोग्याच्या माथी मारणे. पूर्वी गरिबीला कर्मफळ म्हणत, आता रोगाला जीवनशैली म्हणतात. याचा अर्थ तंबाखू-दारू सोडू नये असा नाही. ती सोडलीच पाहिजे, त्यावर विहारात बोललेच पाहिजे. पण तेवढे सांगून शासनाची जबाबदारी संपत नाही.

बाबासाहेबांनी दाखवलेली दिशा

बाबासाहेबांना स्वतःला मधुमेह होता. शेवटची वर्षे त्यांनी त्या दुखण्याशी झगडत काढली आणि ६५व्या वर्षी ते गेले. पण आजार ही माणसाची खासगी बाब आहे, अशी त्यांची भूमिका कधीच नव्हती. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूरमंत्री होते. त्याच काळात औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम प्रा. अडारकर यांच्याकडे सोपवले गेले, १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला आणि पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा त्या पायावर उभा राहिला. कामगार आजारी पडला तर उपचार मिळावा आणि बुडालेल्या मजुरीचा काही भागही मिळावा, हे त्याचे तत्त्व. आज ज्या खाड्याच्या भीतीने आपला माणूस ओपीडीत जात नाही, त्या खाड्याचे उत्तर ८० वर्षांपूर्वी शोधले गेले होते.

ते आपल्यापर्यंत पोहोचते का? कंत्राटी सफाई कामगारांना विचारा: पगारातून विम्याचे ०.७५ टक्के कापतात का, ठेकेदार त्याचे ३.२५ टक्के भरतो का, तुमच्याकडे कार्ड आहे का? ही तीन उत्तरे गोळा करणे हेसुद्धा आरोग्याचे आंदोलन आहे. आणि संविधानाच्या ४७व्या कलमात सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य सांगितले आहे. ते कर्तव्य मेडिकलच्या काउंटरवर ठेवून सरकारला निघून जाता येणार नाही.

जयंतीची शिबिरे

आता थोडे आपल्या मंडळांविषयी. १४ एप्रिलला, ६ डिसेंबरला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आपल्याकडे आरोग्य शिबिरे होतात. भावना चांगली असते, कार्यकर्ते राबतात. फ्लेक्सवर लिहिले जाते: इतक्या जणांची मोफत तपासणी. पण ज्यांची शुगर जास्त निघाली, त्यांतले किती जण महिन्याभरात डॉक्टरकडे पोहोचले, हा आकडा कोणत्या फ्लेक्सवर दिसला आहे का? ज्या शिबिराची यादी दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते, ते शिबिर आणि मेडिकलचा फलक यांत फारसा फरक उरत नाही.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडलेला तथागतांना दिसतो. बाकीचे भिक्खू त्याची शुश्रूषा का करत नाहीत, असे विचारल्यावर तो सांगतो की मी त्यांच्या काही उपयोगाचा नाही. तथागत आणि आनंद त्याला स्वतःच्या हाताने धुतात, उचलून खाटेवर ठेवतात, आणि नंतर संघाला त्याचा जाब विचारतात. उपयोग असेल तरच विचारपूस, हा बाजाराचा नियम झाला. तो आपल्या विहाराचा नियम होता कामा नये.

मग मागायचे काय, करायचे काय?

शासनाकडे चार मागण्या आहेत.

१. मेडिकलवर तपासणी करायची तर नोंदणीकृत फार्मासिस्टच्याच हाताने, बसवून, ठरलेल्या रीतीने. त्याचे पैसे सरकारने द्यावेत आणि आकडा जास्त आला म्हणून त्याच जागी चिठ्ठीशिवाय गोळी विकण्यास सक्त बंदी असावी.

२. आकडा जास्त आला की छापील चिठ्ठी: नाव, तारीख, आकडा आणि कोणत्या सरकारी दवाखान्यात जायचे ते. त्याची नोंद त्या दवाखान्यात आणि त्या भागातल्या आशाताईंकडे जावी. ३० वर्षांवरील प्रत्येकाचा धोका तपासण्याचा फॉर्म आशाताई आधीच भरतात. नव्या कागदांची भर न घालता त्यालाच हे जोडावे, आणि या कामाचा मोबदला त्यांना वेळेवर मिळावा.

३. वस्तीजवळच्या दवाखान्यात आठवड्यातून किमान तीन दिवस संध्याकाळची ओपीडी. कंत्राटी कामगारांना तपासणीसाठी पगारी सवलत.

४. बीपी-शुगरच्या मूलभूत गोळ्या बारमाही, एका वेळी किमान महिन्याभराच्या. महाराष्ट्र सरकारने १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत केले. पण खिडकीवर गोळीच नसेल तर मोफत काय मिळाले? साठा संपला तर त्याची तारीख फलकावर लिहिली जावी, म्हणजे आपल्याला जाब विचारता येईल.

आणि एक काम आपले. प्रत्येक विहारात एक वही ठेवा. शिबिरात किंवा मेडिकलवर ज्याचा आकडा जास्त निघाला, त्याच्या संमतीने त्याचे नाव लिहा. वही एकाच जबाबदार कार्यकर्त्याकडे राहू द्या, आजाराची चर्चा गल्लीत होऊ देऊ नका. दर पौर्णिमेला वंदनेनंतर त्याच्याकडे जाऊन तीन प्रश्न विचारा: दवाखान्यात गेलात का, गोळी मिळाली का, गोळी चालू आहे का? 'नाही' अशी उत्तरे सहा महिने लिहून ठेवली की ती घेऊन महापालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे जा. माहितीच्या अधिकारात औषधसाठ्याची माहिती मागवा आणि दोन्ही कागद त्यांच्या टेबलावर शेजारी ठेवा. भाषणाला अधिकारी सरावलेले आहेत. तारीखवार लिहिलेल्या वहीला उत्तर देणे त्यांना जड जाते.

येत्या जयंतीच्या फ्लेक्सवर तपासलेल्यांचा आकडा नको. ज्यांची गोळी वर्षभर चालू राहिली, त्यांचा आकडा लिहा. तो लहान असेल, पण तेवढी माणसे पुढच्या जयंतीलाही आपल्यात असतील.

जयभीम! नमो बुद्धाय!